मोठ्या इमारतींतील दिवे कोणी मालवावे?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, दिवा लावणें व मालवणें ही का इतका वेळ बोलण्याजोगी गोष्ट आहे? तिन्हीसांजेस दिवा लावावा आणि काम संपलें म्हणजे तो मालवावा, हें शहाणपण आपल्याकडे लहान मुलासहि निराळें शिकवावें लागत नाहीं. घरापुरतें हें म्हणणें खरें आहे. परंतु ज्या इमारतींत हजार-दोन हजार माणसें दिवसभर काम करतात, जेथें एकेका मजल्यावर दोनदोनशें दिवे असतात व त्यांतील एकहि दिवा कोणा एकाचा म्हणून नसतो, तेथें काम संपलें हें ठरवावयाचें कोणी आणि बटणापर्यंत जावयाचें कोणी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कचेऱ्या, दुकानें, रुग्णालयें इत्यादि ठिकाणच्या दिव्यांचें आपोआप नियमन करणारीं जीं साधनें आतां प्रचारांत आलीं आहेत, त्यांची थोडी ओळख आज करून द्यावी, असा माझा विचार आहे.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें कांहींसें योगायोगानें. माझी बहुतेक नोकरी तालुक्याच्या गांवीं झाली. इ. स. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें महाराष्ट्रांत विजेचा तुटवडा फार होता व खेड्यापाड्यांतून रोज कित्येक तास वीज बंद ठेवण्यांत येई. भारनियमन हा जड शब्द त्या काळांत चौथीच्या मुलाच्याहि तोंडीं बसला होता. शालान्त परीक्षेस बसणारे माझे विद्यार्थी पहाटे कंदिलाच्या उजेडांत भूमितीचीं प्रमेयें घोकीत असत. पुढें सेवानिवृत्त होऊन मी मुंबईस मुलाकडे राहावयास आलों. रात्रीं साडेदहाच्या सुमारास सज्जांत उभें राहिलें म्हणजे समोरची एक कचेरी पायापासून माथ्यापर्यंत उजळलेली दिसे. पहिल्यानें मला वाटलें, किती उद्योगी माणसें हीं! कांहीं दिवसांनीं ध्यानांत आलें कीं, त्या इमारतीच्या बहुतेक मजल्यांवर त्या वेळीं चिटपांखरूंहि नसे. एखाद्या मजल्यावर कोणी केर काढीत असे, एवढेंच. त्या वेळीं मला कंदिलाजवळ बसलेलीं तीं पोरें आठवलीं आणि मन थोडें खट्टू झालें.

तरी यांत तेथील माणसांचा आळस किंवा उधळेपणा आहे असें मात्र मला म्हणवत नाहीं. आपल्याकडे म्हण आहे, भागीचें घोडें किवणानें मेलें. शाळेंत मी प्रत्येक वर्गाच्या प्रमुखाकडे दिवे-पंखे बंद करण्याचें काम सोंपवीत असें व तें चोख होई, कारण विचारावयास एक ठराविक मुलगा असे. कचेरींत असा कोणी नसतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या जोडणींत एका बटणावर अर्धा मजला चालतो. एक कारकून उशिरां थांबला कीं त्याच्या एका टेबलासाठीं शंभर दिवे जळत राहतात. तेव्हां माणसांस बोल लावण्यापेक्षां, जें स्मरण कोणा एकाकडे राहूं शकत नाहीं तें यंत्राकडे देतां येतें का, हें पाहणें अधिक शहाणपणाचें.

असें स्मरण यंत्रास देण्याच्या मुख्यतः चार रीति आहेत. पहिली अगदीं साधी, ती म्हणजे घड्याळाची. कचेरीची वेळ संपली कीं ठरलेल्या क्षणीं दिवे मालवले जातात. जो मागें राहिला असेल त्यानें आपल्यापुरते पुन्हा लावून घ्यावे. जेथें कामाच्या वेळा ठाम आहेत तेथें ही रीति स्वस्त व चांगली.

दुसरी रीति माणसाची चाहूल घेण्याची. हें काम ज्या उपकरणाकडे असतें त्यास सेन्सर म्हणतात. त्याची करामत समजून घेण्याजोगी आहे. माणसाचें शरीर ही एक मंद शेगडीच होय. तिच्यांतून अवरक्त किरण सदैव बाहेर पडत असतात. ते डोळ्यांस दिसत नाहींत. परंतु विशिष्ट जातीच्या स्फटिकावर ते कमीअधिक पडूं लागले म्हणजे त्यांत अल्पसा विद्युद्भार उत्पन्न होतो. छतास बसविलेल्या वाटीएवढ्या घुमटीच्या आड असा स्फटिक असतो. घुमटीवर बारीक बारीक भिंगें घडविलेलीं असतात व त्यांच्या योगानें खालची खोली पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्यांत वांटली जाते. मनुष्य एका पट्टींतून दुसरींत गेला कीं स्फटिकावर पडणाऱ्या किरणांत फरक होतो आणि त्या फरकावरून उपकरण ओळखतें कीं, येथें कोणी आहे. यांतील मर्म हें कीं, त्या उपकरणास मनुष्य कळत नाहीं, मनुष्याची हालचाल तेवढी कळते. हें वाक्य कृपा करून ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

याच जातीचें दुसरें एक उपकरण आपल्या कानांस ऐकूं न येणारा अतिशय उंच ध्वनि सोडतें व त्याचा प्रतिध्वनि ऐकतें. आगगाडी जवळ येतांना तिच्या शिटीचा स्वर चढलेला व दूर जातांना उतरलेला भासतो, हें आपण अनुभविलें आहे. त्याच न्यायानें, खोलींत कोणी हललें तर प्रतिध्वनीचा स्वर किंचित् बदलतो. आडपडद्यापलीकडे बसलेल्या माणसाचीहि चाहूल या उपकरणास लागते; मात्र वाऱ्यानें पडदा हलला तरी तें फसतें. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणीं दोन्ही उपकरणें एकत्र योजतात.

तिसरी रीति सूर्यप्रकाशाचा उपयोग करण्याची. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जितका उजेड पडतो, तो साधारणतः एक लक्स धरावा. लिहिण्यावाचण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असला म्हणजे पुरतो. बाहेर भर दुपारच्या उन्हांत सुमारें १,००,००० लक्स असतात. म्हणजे खिडकीबाहेर प्रकाशाचा सागर पसरलेला आणि आंत खिडकीलगतच दिवे जळत आहेत, असा हा प्रकार. नव्या योजनेंत खिडकीजवळच्या दिव्यांची रांग निराळी जोडतात व एक प्रकाशमापक बसवितात. बाहेरचा उजेड वाढेल तसतसे हे दिवे मंद होतात, आणि आभाळ आलें कीं पुन्हा वाढतात. हा बदल इतक्या सावकाश होतो कीं, टेबलाशीं बसलेल्या माणसास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

दिवा मंद केला म्हणजे वीज खरोखरच वांचते का, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. पूर्वीं नाटकगृहांतून दिवे मंद करावयाचे तर वाटेंत रोधक घालीत. उजेड कमी होई, परंतु विजेचा बराच भाग रोधकांत उष्णता होऊन फुकट जाई. पुढें अर्धसंवाहक द्रव्यांचे तुकडे हातीं आले. ते विजेच्या प्रत्येक आवर्तनाचा कांहीं अंश कापून टाकतात, अडवून तापवीत नाहींत. अमेरिकेंतील जोएल स्पायरा यांनीं १९६१ सालीं आपली कंपनी काढून असा डिमर घरोघरीं पोंचविला. आजच्या एलईडी दिव्यांत तर त्यास मिळणारा प्रवाहच आंतील यंत्रणेनें कमी करतां येतो, आणि उजेडाबरोबर खर्चहि उतरतो.

चौथी रीति मला सर्वांत मौजेची वाटली. नवी इमारत बांधतांना तिच्यांतील दिवे मुद्दाम गरजेपेक्षां अधिक तेजाचे बसवितात. कारण दिवा जुना झाला कीं त्याचें तेज उतरतें व त्यावर धूळहि बसते. वर्षें लोटल्यावरहि उजेड पुरा पडावा, हा हेतु. परंतु यामुळें पहिलीं कित्येक वर्षें आपण नको असलेल्या उजेडाचे पैसे भरीत असतों. दिवे मंद करतां येण्याजोगे असले म्हणजे प्रारंभीं ते उतरवून ठेवावे व जसजसे जुने होतील तसतसे चढवावे. यांत ना चाहूल, ना पहारा. एकदां बसून उजेड मापावा आणि मर्यादा ठरवून द्यावी, एवढेंच काम.

या रीतींनीं प्रत्यक्ष लाभ किती होतो? अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं या विषयावरील ८८ निबंध तपासून त्यांतील निष्कर्ष एकत्र मांडले. तो लेख २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या मतें दिव्यांसाठीं लागणाऱ्या विजेंत सरासरीनें चाहूल घेण्याच्या योजनेनें शेंकडा २४, सूर्यप्रकाशाच्या योजनेनें शेंकडा २८, ज्याच्या त्याच्या हातीं त्याचा दिवा दिल्यानें शेंकडा ३१ आणि आरंभींच उजेडाची मर्यादा ठरवून दिल्यानें शेंकडा ३६ बचत आढळली. अनेक रीति एकत्र योजल्या तर शेंकडा ३८. या आंकड्यांवरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, या बचतींची बेरीज होत नाहीं. जो दिवा मालवलेला आहे त्यास मंद करून आणखी काय मिळणार? दुसरी, सूर्यप्रकाशाच्या बाबतींत गणितानें आधीं वर्तविलेली बचत प्रत्यक्ष मोजलेल्या बचतीपेक्षां जास्त निघाली. कागदावरची वीज आणि मापकावरची वीज यांत अंतर असतें.

हें अंतर कमी करावयाचें तर काय करावें, याचा एक धडा न्यूयॉर्क शहरांत पाहावयास मिळतो. तेथील न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राची ५२ मजल्यांची इमारत २००७ सालीं मॅनहॅटन भागांत उभी राहिली. इटलीचे स्थापत्यकार रेंझो पियानो यांनीं तिच्या भिंती कांचेच्या योजून बाहेरून चिनी मातीच्या आडव्या नळ्यांची जाळी उभारली. एवढी कांच म्हटली म्हणजे प्रकाश पुष्कळ, पण डोळ्यांवर तिरीपहि पुष्कळ. म्हणून मालकांनीं इमारत पुरी होण्याच्या आधींच शहराच्या क्वीन्स भागांत एका मजल्याच्या कांहीं भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृति बांधली, तींत टेबलें, पडदे व दिवे मांडले, आणि मघां सांगितलेल्या त्याच प्रयोगशाळेकडून ऋतुमानाप्रमाणें प्रकाश कसा फिरतो याचीं मापें घेवविलीं. मग पडदे सूर्याप्रमाणें आपोआप उतरतील-चढतील व दिवे त्यांस अनुसरून कमीअधिक होतील अशी योजना ठरली. मंद करतां येणारे १८,००० हून अधिक दिवे तेथें बसले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, त्या काळच्या नियमांपुरत्याच बांधलेल्या तशाच इमारतीच्या मानानें येथील विजेचा वार्षिक खर्च शेंकडा २४ नीं कमी आढळला. अर्थात् हें श्रेय एकट्या दिव्यांचें नव्हे. पडदे व हवा खेळविण्याची व्यवस्था यांचाहि त्यांत वांटा आहे. परंतु आधीं मोजून पाहिलें, मग बसविलें, आणि माणसें राहावयास आल्यावर पुन्हा मोजलें, हा क्रम घेण्याजोगा आहे.

आपल्या उष्ण प्रदेशांत या बचतीस एक जोड मिळते. दिव्यांत गेलेली वीज अखेरीस उष्णताच होते. न्यूयॉर्कच्या हिंवाळ्यांत ती उष्णता थोडी उपयोगी तरी पडते. मुंबईच्या वातानुकूलित कचेरींत ती बाहेर घालविण्यास पुन्हा वीज खर्चावी लागते. स्थूलमानानें असें समजावें कीं, दिव्यांत तीन युनिट वांचलीं तर थंडाव्याच्या यंत्रांत एक युनिट आपोआप वांचतें.

आतां शाळामास्तरास शोभेलसा एक हिशेब मांडतों. आंकडे मीं सोयीसाठीं घेतलेले आहेत, कोणा एका कचेरीचे नव्हेत. एका मजल्यावर ४० वॅटचे २०० दिवे आहेत व ते रोज १२ तास याप्रमाणें वर्षांत ३०० दिवस जळतात. वर्षाचा खर्च झाला २८,८०० युनिट. त्यांच्या जागीं तितक्याच उजेडाचे १८ वॅटचे एलईडी दिवे घातले, तर खर्च १२,९६० युनिटांवर येतो. म्हणजे नुसते दिवे बदलल्यानें १५,८४० युनिट वांचलीं. त्यावर चाहूल घेणारी योजना करून शेंकडा २४ वांचविले, तर आणखी ३,११० युनिट. परंतु थांबा. प्रत्येक दिव्यास स्वतंत्र सेन्सर लावला, तर पहारेकऱ्यास झोंप घेऊन कसें चालेल? दिवा मालवलेला असला तरी तो जागाच असतो. प्रत्येकास अर्धा वॅट धरला, तर २०० जणांचे १०० वॅट झाले, आणि वर्षाच्या ८,७६० तासांत ते ८७६ युनिट खातात. निव्वळ बचत उरली २,२३४ युनिट.

या हिशेबाचें तात्पर्य असें कीं, आधीं दिवे बदलावे आणि मग त्यांवर पहारा बसवावा. पहाराहि दिव्यागणिक न बसवितां, शक्य असेल तेथें आठ-दहा दिव्यांस एक, असा बसवावा, आणि विकत घेतांना "हें यंत्र स्वस्थ बसलें असतां किती वीज घेतें?" हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. तो प्रश्न ऐकून पुष्कळ विक्रेते गडबडतात, असा माझा अनुभव आहे.

मघां ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या वाक्याकडे आतां वळतों. एकदां एका कचेरींत कामानिमित्त गेलों असतां बाहेरच्या खोलींत बसून मी वर्तमानपत्र वाचीत होतों. वाचण्यांत गढून गेल्यामुळें माझी कांहीं हालचाल नव्हती. अकस्मात् सगळे दिवे मालवले. मला वाटलें, वीज गेली. तोंच कोपऱ्यांतील एक तरुण म्हणाला, "आजोबा, जरा हात हलवा, म्हणजे येईल उजेड." शेतांतलीं पांखरें हांकलावीं तसे मीं दोन्ही हात हलविले, आणि खरोखरच उजेड आला! तासाभरांत मला ही कवाईत चार वेळां करावी लागली. त्या यंत्राच्या दृष्टीनें, स्तब्ध बसून वाचणारा मनुष्य आणि रिकामी खुर्ची यांत कांहींच भेद नव्हता. चवथ्या वेळीं, हंसूं येण्याऐवजीं, मला थोडें अपमानास्पद वाटलें.

हा प्रसंग क्षुल्लक खरा. पण अशाच क्षुल्लक प्रसंगांनीं मोठमोठ्या योजना बुडतात. त्रासलेलीं माणसें वीजतंत्र्यास बोलावून तारा परस्पर जोडून घेतात, प्रकाशमापकावर कागद चिकटवितात, आणि मग दिवे पूर्वीप्रमाणेंच अहोरात्र जळूं लागतात. यंत्राचा खर्च मात्र होऊन चुकलेला असतो. दोष यंत्राच्या कल्पनेंत नसतो, बसविण्यांत असतो. जेथें माणसें बसून वाचतात-लिहितात तेथें दिवा मालवण्यापूर्वींचा अवधि पंधरा-वीस मिनिटांचा ठेवावा. जिन्यांत, भांडारांत, प्रसाधनगृहांत तो कमी चालेल. उपकरण खांबाच्या किंवा कपाटाच्या आड येऊं देऊं नये. दिवे एकदम न मालवतां आधीं मंद करावे, म्हणजे बसलेल्यास सूचना मिळते. आणि जेथें बनेल तेथें दिवा लावण्याचें काम माणसाकडे व मालवण्याचें यंत्राकडे ठेवावें. याचें कारण गमतीचें आहे. खिडकींतून पुरेसा उजेड येत असेल तर मनुष्य दिवा लावावयाचा कंटाळा करतो. पण लावलेला दिवा मालवण्याचाहि तो तितकाच कंटाळा करतो. पहिला कंटाळा हितावह म्हणून राहूं द्यावा, दुसऱ्यावर यंत्राची नेमणूक करावी.

सरकारनेंहि या बाबतींत पाऊल टाकलें आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यास अनुसरून २००७ सालीं व्यापारी इमारतींसाठीं ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता तयार करण्यांत आली व २०१७ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. मोठ्या इमारतींतील दिव्यांवर स्वयंचलित नियमन असावें, खिडकीलगतचे दिवे निराळे चालवितां यावे, अशा अपेक्षा तींत आहेत. परंतु संहिता इमारत बांधतांना लागू पडते. इमारत उभी राहिल्यावर दहा वर्षांनीं तो सेन्सर चालतो आहे कीं त्याच्या तारा परस्पर जोडल्या आहेत, हें पाहावयास कायदा येत नाहीं. तें तेथें वावरणाऱ्यांनींच पाहावयाचें.

आपणांपैकीं बहुतेकांच्या घरांतील कोणी ना कोणी अशा कचेरींत जात असेल. त्यांनीं एवढें करावें. रात्रीं शेवटीं निघतांना एकदां मागें वळून मजल्याकडे पाहावें, किती दिवे कोणासाठीं जळत आहेत तें मोजावें, आणि दुसऱ्या दिवशीं तो आंकडा व्यवस्थापकांच्या कानांवर घालावा. आपल्या गृहसंस्थेच्या जिन्यांतले व वाहनतळावरचे दिवे पहाटेपर्यंत कोणासाठीं जळतात, हेंहि पुढील सभेंत विचारावें. तेथें हीं साधनें थोड्या खर्चांत बसतात आणि मनुष्य तेथें स्तब्ध बसून वाचीत नसल्यामुळें माझ्यासारखी फजितीहि होत नाहीं.

माझ्या लहानपणीं घरांतील वडीलधारीं माणसें "दिवा विझव" असें कधीं म्हणूं देत नसत. दिवा मालवावा किंवा शांत करावा, असें म्हणावयाचें. दिव्याविषयींचा तो आदर होता. त्यांत दिवा अकारण जळूं न देणें हेंहि येत असे, कारण तेल मोजून आणलेलें असे व बरणींतलें किती उतरलें तें रोज डोळ्यांस दिसे. आज आपलें तेल दूर कोठें तरी कोळशाच्या रूपानें जळतें. भारतांत तयार होणाऱ्या विजेचा मोठा भाग अजूनहि दगडी कोळशापासून मिळतो, आणि त्याचा धूर आपल्या सज्जांतून दिसत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यांच्या वेळचें तें भारनियमन पुढें बरेंच कमी झालें, हें खरें. त्यांच्यापैकीं एकजण आज एका मोठ्या इमारतीच्या विजेची व्यवस्था पाहतो. मीं त्यास विचारलें, "तुमच्याकडे रात्रीं दिवे कोण मालवतो?" तो म्हणाला, "गुरुजी, यंत्रच मालवतें. पण तें नीट मालवतें कीं नाहीं, हें मी महिन्यांतून एकदां रात्रीं जाऊन पाहतों." त्या उत्तरानें मला फार समाधान वाटलें. तेंच आपणांस सांगून आपली रजा घेतों.